बारा लाखांची गाडी, चाळीस लाखांचे पार्ट

मर्सिडीजची सी-क्लास नोव्हेंबर २०१४ मध्ये नव्या रूपात भारतात आली, तेव्हा तिची शोरूममधली किंमत ४० लाखांच्या पुढे होती. त्या सुरुवातीच्या वर्षांतली गाडी आज १२-१३ लाखांत मिळू शकते. ही घसरण बघूनच माझ्या दादाच्या डोक्यात विचार आला. तो बदलापूर पश्चिमेला राहतो आणि नोकरीला ऐरोलीला जातो. आमची मावशी अंबरनाथ पूर्वेला असते. विमा कंपनीच्या मोटार दाव्यांच्या विभागातून ती निवृत्त झाली. चेपलेल्या, जळालेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या तपासायच्या आणि कंपनीने किती पैसे द्यावेत ते लिहायचं, हे तिचं काम होतं. दादाला जुनी लक्झरी गाडी हवी आहे आणि मावशीचा त्याला ठाम विरोध आहे.

दोघांचं बोलणं मी इथे मांडते आहे, कारण कल्याणच्या पुढे राहणाऱ्या कितीतरी घरांत हाच वाद चालतो आणि ‘शोबाजी’ हा शब्द उच्चारला की संपतो. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो. मुंबईपासून जितकं लांब राहावं तितका माणसाचा प्रवासात जास्त वेळ जातो. तो वेळ नीट बसून, पाठ न मोडता जावा, ही इच्छा चुकीची नाही. ती पुरी करायला किती पैसे लागतात आणि कोणत्या गाडीने ती खरोखर पुरी होते, हा प्रश्न मात्र खरा आहे.

दादा : मावशी, आधी एवढं मान्य कर की मी मिरवायला गाडी घेत नाहीये. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. मला तिथवर जायचं नसलं तरी ठाण्यापर्यंत त्याच गर्दीतून जावं लागतं आणि पुढे ट्रान्सहार्बर पकडावी लागते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणली, तेव्हा बदलापूरची माणसं स्टेशनवर चिडून उभी राहिली ना? संध्याकाळची एक गाडी हातची गेली की आमचं घर तासभर लांब जातं.

मावशी : गर्दीचं मला सांगू नकोस, मी अंबरनाथहून त्याच गाड्यांनी नोकरी केली. पण तू रस्त्याने जाणार तो कुठला रस्ता? काटई रोड. नेवाळी नाका, खोणी, काटई, शिळफाटा, मग महापे. जेमतेम पस्तीस किलोमीटर. त्यात पळायला मिळतं किती आणि रांगेत उभं राहायचं किती?

दादा : म्हणूनच तर! रांगेत दीड तास उभं राहायचं तर चांगल्या सीटवर बसावं. क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा गेलाय. ऑटोमॅटिक गिअर, शांत केबिन, थंड एसी. त्यात एअरबॅग सहा-आठ, ईएसपी आहे, बॉडी भक्कम. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची धडक चाचणी घेतली तेव्हा पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. त्याच सुमाराची जर्मन गाडी त्यांच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

मावशी : ते २०१४ चं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरला त्याच ग्लोबल एनकॅपने पाच तारे दिले. आता साध्या गाड्यांतही सहा एअरबॅग येतात. आणि सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय. तुझ्या बारा लाखांत नवी ऑटोमॅटिक येते, वॉरंटीसकट. जुन्या गाडीच्या एअरबॅगवर तुझा एवढा भरवसा कसा, तेही सांग. टकाटा हे नाव ऐकलंयस?

दादाने ऐकलं नव्हतं, आणि मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. टकाटा ही एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी. तिच्या इन्फ्लेटरमधलं रसायन उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे माणसाच्या अंगावर उडू शकतात. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भारतातही होंडा अकॉर्डसारख्या गाड्या त्या रिकॉलमध्ये होत्या. आपली हवा उष्ण आणि दमट या दोन्ही शब्दांत बसते. जुनी गाडी बघताना चॅसी नंबरवरून रिकॉलचं काम झालं की नाही ते कंपनीकडे विचारता येतं, आणि राहिलं असेल तर ते फुकट करून मिळतं. पण हा प्रश्न विचारणारा ग्राहक क्वचितच दिसतो. सनरूफ उघडतं का, हे सगळे बघतात.

दादा : बरं, रिकॉल तपासेन. पण हिशेबाचं बोल. ४० लाखांची गाडी १२ ला. म्हणजे २८ लाखांचा घसारा पहिल्या मालकाने सोसला. नवी गाडी घेतली तर तोच घसारा मी सोसायचा. यात माझं काय चुकतंय?

मावशी : गाडीची किंमत घसरली. बंपरची घसरली का? हेडलाइटची? गिअरबॉक्सची? आज तू काउंटरवर हेडलाइट मागशील तर तो ४० लाखांच्या गाडीचाच हेडलाइट म्हणून मिळेल आणि एका दिव्याचं बिल लाखाच्या घरात जाईल. हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून त्याचं खाणं कमी होत नाही.

दादा : त्यासाठी विमा आहे.

मावशी : आता तू माझ्या खात्यात आलास. ऐक. दहा वर्षांच्या गाडीचा विमा कंपनी आणि मालक मिळून ठरवतात त्या किमतीवर उतरतो. त्याला आयडीव्ही म्हणतात. समजा दहा लाख धरली. शिळफाट्याला पुढचा कंटेनर थांबला आणि तू मागून धडकलास. दोन एअरबॅग उघडल्या, सीटबेल्टचे टेन्शनर गेले, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, कंडेन्सर, बॉनेट, बंपर. दुरुस्तीचा अंदाज साडेसात लाखांच्या पुढे गेला, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, की गाडी टोटल लॉसमध्ये जाते. नव्या गाडीला त्यासाठी फार मोठा अपघात लागतो, तुझ्या गाडीला मध्यम अपघातही पुरतो.

दादा : मग दहा लाख मिळतील की! नुकसान कुठे झालं?

मावशी : तो झाला बरा प्रकार. वाईट प्रकार म्हणजे अंदाज सहा लाख येणं. आता गाडी टोटल लॉस नाही, दुरुस्त करायची. कंपनी पार्टवर घसारा कापते. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांवर ५० टक्के. पत्र्यावर, गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के, दहाच्या पुढे ५०. काच तेवढी पूर्ण मिळते. मजुरीवर घसारा नाही, पण या गाड्यांत मजुरीपेक्षा पार्टच महाग. सहा लाखांतले अडीच-पावणेतीन लाख तुझ्या खिशातून जातील. झिरो डेप घे म्हणशील, तर एवढ्या जुन्या गाडीला ते बहुतेक कंपन्या देत नाहीत. मी टेबलाच्या पलीकडे बसून हे आकडे लोकांना सांगायचे रे. ‘पण आमचा तर फुल इन्शुरन्स आहे’ असं म्हणून माणसं गप्प व्हायची. तुला ते आधी कळावं म्हणून बोलतेय.

दादा गप्प झाला, पण त्याने माघार घेतली नाही. त्याचा स्वभाव मला आवडतो. नवी माहिती मिळाली की तो तिचं ओझं करून घेत नाही, ती हिशेबात घालतो. त्याने मोबाइल काढून इंधनाचं गणित मांडायला घेतलं. रोजचं जाऊन येऊन सत्तर किलोमीटर, म्हणजे महिन्याला साधारण १,५०० धरायचे. पेट्रोल लिटरला १०३-१०४ रुपये, डिझेल नव्वद-एक्याण्णव, सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास. रांगेतल्या रस्त्यावर जर्मन पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला नऊ देईल असं धरलं तर महिन्याचा खर्च १७ हजार. डिझेलने तेरा दिले तर साडेदहा हजार. हायब्रिडने सोळा दिले तर पावणेदहा हजार. त्याच्या आताच्या सीएनजी वॅगन आरला बावीस धरले तर साडेपाच हजार.

दादा : म्हणजे पेट्रोल सी-क्लास बाद. महिन्याला साडेअकरा हजारांचा फरक मला झेपणार नाही. डिझेल मात्र झेपेल. बीएमडब्ल्यू ३२०डी बघतोय, २०१३ ची.

मावशी : कुठल्या पासिंगची?

दादा : दिल्लीची. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदी आली होती, म्हणून स्वस्त आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही.

मावशी : बंदी नाही हे खरं. हरित लवादाने २०१५ मध्ये तसा आदेश दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो लागू ठेवला, आणि तो दिल्ली परिसरापुरता होता. पण तिकडची एनओसी आणायची, आपल्या कल्याण आरटीओत महाराष्ट्राचा कर भरायचा, एमएच-०५ नंबर घ्यायचा, २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी हाय सिक्युरिटी प्लेट लावायची. हे सगळं धरून स्वस्ताई किती उरते ते काढ. आणि १५ वर्षं कधी पुरी होतात?

दादा : २०२८.

मावशी : म्हणजे तू कर्ज फेडत असशील तेव्हाच पुनर्नोंदणी येईल. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. ही रक्कम तुला जड नाही, पण बाजार त्या तारखेकडे बघतो. चौदा वर्षांची जर्मन डिझेल विकायला काढून बघ.

इथे मी एक गोष्ट मध्ये घालते, कारण जुनी बीएमडब्ल्यू घेणारे बहुतेकजण ती विसरतात. बीएमडब्ल्यूच्या एन४७ या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली आहे. साधारण २००७ ते २०११ मधल्या इंजिनांत ती वेळेआधी झिजल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. चेन स्वतः फार महाग नाही, पण तिथवर पोचायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. दादा बघत होता ती गाडी नंतरची. तरीही सकाळी थंड इंजिन सुरू करून मागून खरखर येते का, हे ऐकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरं गिअरबॉक्स ऑइलचं. त्या गाडीचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा आणि तो उत्तम आहे. गाडीबरोबर मात्र सांगितलं जातं की यातलं ऑइल आयुष्यभराचं, बदलायची गरज नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ते बदला म्हणते. पहिल्या मालकाने पाच-सहा वर्षं गाडी ठेवून विकली तर त्याला फरक पडत नाही. ‘आयुष्यभर’ संपतं ते तिसऱ्या मालकाच्या हातात.

दादा : तू सगळी वाईटच उदाहरणं काढतेस. लाखभर किलोमीटर काही त्रास न देता चाललेल्या गाड्या मी पाहिल्यात.

मावशी : त्या गाड्यांचे रस्ते बघ. पुणे एक्स्प्रेसवे, नाशिक रोड. या गाड्या पळण्यासाठी बनल्यात. पळाल्या की टिकतात. तुझी गाडी मेट्रो १२ च्या कामाच्या बॅरिकेडमधून, पावसात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणार. इंजिन तापलेलं, पंखा सतत चालू, कूलंटचे प्लास्टिकचे पाइप आणि टाकी दहा वर्षं भाजून ठिसूळ झालेली. आणि टायर! बऱ्याच बीएमडब्ल्यूत रनफ्लॅट टायर असतात, स्टेपनी नसते. पंक्चर झालं तरी थोडं अंतर जाता येतं हे चांगलं. पण नेवाळीच्या खड्ड्यात बाजूच्या भिंतीला फुगा आला की तो टायर टाकूनच द्यावा लागतो. बदलापूरला रात्री दहाला त्या मापाचा टायर कोण देणार?

दादा : मावशी, रस्ते बदलतायत ग. ऐरोली-काटई मार्गाचा पारसिकच्या डोंगरातला बोगदा होतोय. बदलापूरजवळून वडोदरा एक्स्प्रेसवेचा फाटा पनवेलकडे जाणार, माथेरानच्या डोंगराखालून. मुंबईच्या नाक्यांवरचा छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्येच गेला. पुढच्या पाच वर्षांत आपलं गाव लांब राहणार नाही.

मावशी : त्या रस्त्यांवर गाडी धावायला लागली की ये माझ्याकडे, मी तुला पेढे देईन. पण गाडी आजच्या रस्त्यासाठी घे.

या ठिकाणी मी मावशीच्या बाजूने आहे, पूर्णपणे. आपल्या भागात घर घेतानाही माणसं ‘पुढे रस्ता होणार’ या भरवशावर घेतात, आणि रस्ता होईपर्यंतची वर्षं कोणी मोजत नाही. घराची किंमत थांबल्याने वाढू शकते. दहा वर्षांची गाडी थांबली की फक्त जुनी होते.

मग दादाने दुसरे दोन पर्याय पुढे केले. २०१६ ची स्कोडा सुपर्ब आणि २०१६ ची टोयोटा कॅमरी हायब्रिड. मावशीचा सूर इथून बदलला. दोन्ही गाड्यांवर तिचे आक्षेप होते, पण ती आता ‘घेऊ नको’ म्हणत नव्हती, ‘कुठली’ ते विचारत होती.

दादा : सुपर्ब मला मनापासून आवडते. आपल्या शेंद्र्यात जुळवलेली. मागे पाय पसरायला इतकी जागा की बाबांना गुडघे दुमडावे लागणार नाहीत. आणि बाहेरून ओरडत नाही की मी महाग आहे म्हणून.

मावशी : पेट्रोल की डिझेल?

दादा : १.८ पेट्रोल स्वस्तात आहे.

मावशी : मग त्याचा गिअरबॉक्स बघ. सात गिअरचा डीएसजी, कोरड्या क्लचचा. रांगेत इंच इंच पुढे सरकताना तो क्लच तापतो. त्याच्या मेकाट्रॉनिक युनिटच्या दुरुस्तीचं बिल तुझ्या वॅगन आरच्या किमतीशी स्पर्धा करेल. २.० डिझेलला सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे, तो जास्त सोसतो. त्याचंही ऑइल ६० हजारांना बदललेलं असलं पाहिजे, बिलासकट. तोंडी सांगितलेलं चालणार नाही.

दादा : डिझेलचा तो सॉफ्टवेअरचा घोटाळा?

मावशी : तो ईए१८९ इंजिनाचा. प्रदूषण तपासणीत कमी धूर दाखवायचा आणि रस्त्यावर जास्त सोडायचा. फोक्सवॅगन, ऑडी, स्कोडा मिळून भारतात ३ लाख २३ हजारांवर गाड्या डिसेंबर २०१५ मध्ये परत बोलावल्या होत्या. त्या २००८ ते नोव्हेंबर २०१५ मधल्या. तू बघतोस ती त्यानंतरची. जुन्या पिढीची सुपर्ब बघितलीस तर मात्र ते काम झालंय का विचार.

दादा : आणि कॅमरी?

मावशी थोडा वेळ बोलली नाही. मग तिने सांगितलं की तिच्या नोकरीच्या काळात कॅमरीचे दावे यायचे ते अपघाताचे, आतलं काही बिघडून बंद पडलेली कॅमरी तिच्या टेबलावर फारशी आली नाही. तिचा अनुभव एका टेबलापुरता, पण कारण समजून घेण्यासारखं आहे. टोयोटाच्या या हायब्रिडमध्ये नेहमीचा क्लच नाही, टर्बो नाही, वेगळा स्टार्टर नाही. रांगेत गाडी पुष्कळदा बॅटरीवर सरकते, इंजिन बंद राहतं. ब्रेक लावला की मोटर थोडी वीज परत साठवते, त्यामुळे ब्रेक पॅडही हळू झिजतात. म्हणजे शिळफाट्याची रांग जर्मन गाडीला ज्या गोष्टींनी मारते, त्याच गोष्टींत ही गाडी बरी चालते. तिच्यात सांभाळायची असते ती हायब्रिड बॅटरी. मागच्या सीटजवळून बॅटरी थंड करायला हवा आत ओढली जाते; ती जाळी धुळीने, कुत्र्याच्या केसांनी बुजली की बॅटरी तापते. जाळी साफ करणं सोपं आहे. बॅटरी बदलणं लाखांत जातं.

दादा : पण ती चालवताना मजा नाही ग. सोफ्यावर बसल्यासारखं.

मावशी : आत्ता तर तू गुडघ्याचं सांगत होतास.

दादा : ते खरं. पण जपानीच घ्यायची तर होंडा अकॉर्ड हायब्रिडही आहे, २०१६-१७ ची. दिसायला जास्त छान.

मावशी : ती पूर्ण बांधलेली थायलंडहून यायची. कॅमरी आपल्याकडे बिडदीला जुळवली जायची. गाडी चांगली असणं वेगळं आणि तिचा दरवाजा, काच, बंपर इथे मिळणं वेगळं. थोड्या विकल्या गेलेल्या गाडीचा पार्ट आला नाही की गाडी गॅरेजच्या दारात महिनाभर उभी राहते. तेवढे दिवस तू ऐरोलीला कशाने जाणार?

मला वाटतं, सगळ्या वादाचा गाभा या प्रश्नात आहे. रोजच्या प्रवासासाठी गाडी घेणाऱ्याने किलोमीटरमागचा खर्च विचारावाच, पण वर्षातले किती दिवस गाडी जागेवर उभी राहील हे आधी विचारावं. उल्हासनगर कॅम्पात, अंबरनाथ एमआयडीसीत, बदलापूरला हाताला कला असलेले मिस्त्री आहेत. सीट शिवणारे, डेंट काढणारे, एसीचा गॅस भरणारे. पण मर्सिडीजचं एखादं कंट्रोल युनिट निकामी झालं तर त्यांच्याकडे तिचा स्कॅनर आणि कोडिंग असेलच असं नाही. मग ठाणे नाहीतर नवी मुंबई गाठायची. बंद पडलेली ऑटोमॅटिक चाकांवर ओढून नेणं धोक्याचं, म्हणून फ्लॅटबेड मागवायची. वापरलेले पार्ट शोधायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फेऱ्या. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, वेळ आहे आणि ज्याला या शोधाशोधीचीच आवड आहे, त्याने जुनी जर्मन गाडी जरूर घ्यावी. तिच्यासारखी ती. सोमवारी सकाळी नऊला हजेरी लावायची असलेल्या, एकाच गाडीवर अवलंबून असलेल्या माणसाने ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दादा : दुसरी गाडी ठेवायला सोसायटीत जागा नाही. एकच पार्किंग.

मावशी : म्हणून लोकलचा पास मोडायचा नाही. तीच तुझी दुसरी गाडी. आणि पार्किंग कुठलं? स्टिल्टमधलं ना? २०१९ च्या जुलैत पाणी कुठवर आलं होतं?

दादा : आमच्या बिल्डिंगमध्ये चाकापर्यंत. हेंद्रेपाडा, रमेशवाडीत पहिल्या मजल्याला लागलं होतं.

२७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं, ते देशाने टीव्हीवर पाहिलं. त्याच पाण्याने बदलापुरात किती गाड्या बुडवल्या ते आम्ही जवळून पाहिलं. त्याआधी २६ जुलै २००५ ची रात्र होतीच. उल्हास नदीकाठी राहणाऱ्याला हे टाळता येत नाही, आणि महागड्या गाडीचं पुरात होणारं नुकसान साध्या गाडीपेक्षा वेगळं असतं. अनेक जर्मन गाड्यांत बॅटरी आणि काही कंट्रोल युनिट डिकीच्या तळाला, सीटखाली, गालिच्याखाली असतात. इंजिनात पाणी न जाताही गाडी निकामी होऊ शकते. पाण्यात उभी गाडी चालू करून बघितली तर इंजिनाचं नुकसान नेहमीच्या विम्यात बहुतेक धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं.

मावशी : आणि बुडालेल्या गाड्यांचं पुढे काय होतं, माहीत आहे? टोटल लॉस झालेली गाडी भंगार म्हणून लिलावात जाते. कोणीतरी ती घेतो, धुतो, वाळवतो, सीट शिवतो आणि दुसऱ्या गावात विकतो. तू बघशील त्या प्रत्येक गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढ. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रेलचे बोल्ट गंजलेत का बघ. डिकीतला गालिचा उचल, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरव. गाडीत अत्तराचा फार वास असेल तर विचार कर, का मारलंय. मीटर फिरवलेला असला तरी गिअरबॉक्स किंवा ब्रेकच्या युनिटमध्ये पुष्कळदा वेगळी नोंद राहते. स्कॅन लावल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

दादा : वॅगन आर कोणाला देऊ? ऑफिसातला एकजण मागतोय, ओळखीचा आहे. कागद सावकाश करू म्हणतो.

मावशी : सावकाश नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आरसीवर नाव बदललेलं दिसेपर्यंत तूच मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात हेच सांगितलं: नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. गाडी पुढे कितीही हातांत फिरलेली असो. आणि तुझा नो क्लेम बोनस त्याला देऊ नकोस. तो गाडीचा नसतो, तुझा असतो. कंपनीकडून पत्र घे आणि नव्या गाडीला लाव. फक्त थर्ड पार्टीच्या हप्त्यात तो सूट देत नाही. १,५०० सीसीच्या वरच्या गाडीला ते ७,८९७ रुपये अधिक कर भरावेच लागतील.

शेवटी पैशांची मांडणी राहिली. दादाने बारा लाख गाडीसाठी धरले होते. मावशीने सांगितलं, गाडी नऊची घे, तीन लाख बँकेत वेगळे ठेव आणि पहिल्या वर्षी त्यातले दीड खर्च होतील असं समजूनच चाल. सगळी तेलं, चार टायर, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, ब्रेक. दादाला हे पटलं नाही. नऊ लाखांत त्याला हवी तशी सुपर्ब डिझेल मिळत नाही, मिळाली तर जास्त चाललेली मिळते. कॅमरी मिळू शकेल, पण तिच्यावर त्याचा जीव नाही. शिवाय २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या ई-२० पेट्रोलसाठी बनवलेल्या नाहीत, मायलेज कमी होणार आणि रबरी नळ्यांवर लक्ष ठेवावं लागणार, हा त्याचा मुद्दा मावशीलाही खोडता आला नाही. डिझेलला ती अडचण नाही.

दादा : म्हणजे तू कॅमरी म्हणतेस, मी सुपर्ब. दोघंही मर्सिडीजचा तारा आणि बीएमडब्ल्यूचा प्रोपेलर सोडून आलो.

मावशी : मी अजूनही नवी छोटी ऑटोमॅटिकच म्हणते. पण तुला बसायची इच्छा आहे, तुझे पैसे आहेत, तुझा गुडघा आहे. मग दोनातली जिची सगळी बिलं मिळतील ती घे. बिलांची फाइल जाड असेल तर दोन ठिकाणी रंग उडालेला चालेल.

दादा : रविवारी दोन्ही बघायला जाऊ?

मावशी : रविवारी रस्ता मोकळा असतो. रजा टाक आणि सोमवारी सकाळी आठला घेऊन ये, एसी चालू ठेवून काटईपासून शिळफाट्यापर्यंत मी शेजारी बसते. तापमानाचा काटा आणि गिअर बदलताना बसणारा झटका मला बघायचाय. विकणारा सोमवारी द्यायला तयार नसेल तर दुसरी शोधू.